क्रोधाच्या वाट्यांपाशी

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत तिच्यासाठीच शहाळं घेत होते. दवाखान्यात न्यायचं होतं. फोनवर तिची सून सुनीता होती. "मावशी, आता काय आणू नका," एवढंच म्हणाली. शहाळेवाल्यानं तोंड छाटून समोर धरलेलं शहाळं तिथंच ठेवून मी निघाले. रडू आलं नाही... राग आला. इतके आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल शांत मनानं लिहावं म्हणतात. मला ते जमणार नाही.

एस्तेर माझी थोरली बहीण. आम्ही मूळच्या शेळगावच्या. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. ताई नर्स झाली, सरकारी दवाखान्यात तिची सगळी नोकरी गेली आणि पुढं मुलाबरोबर ती निमगाव केतकीला राहू लागली. अख्खा गाव तिला सिस्टर म्हणायचा. तिची एक रविवारची उपासना कधी चुकली नाही, पण शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, तिनं कधी उघडलं नव्हतं. लहानपणी एका सभेत कुणी तरी पडद्यावर त्यातल्या सात डोक्यांच्या श्वापदाचं चित्र दाखवलं होतं. ती भीती तिच्या मनात घर करून बसली होती. बाळंतपणात अडलेल्या बाईला पाहून न डगमगणारी माझी बहीण त्या शेवटच्या पानांपाशी मात्र पुस्तक मिटायची.

ती पानं तिला उघडावी लागली ती एका माणसामुळं. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. बाहेरून आलेला हा 'ब्रदर' बारामतीत हॉल भाड्यानं घेऊन सभा घ्यायचा. मोबाइलवर लढायांच्या, पुराच्या बातम्या दाखवायचा आणि सांगायचा, शेवटचा काळ दाराशी आलाय. प्रभूला भेटायचं तर शरीरावरची भिस्त सोडा, गोळ्या म्हणजे अविश्वास. सुनीताला लहानपणापासून फिट येण्याचा आजार. गोळ्या चालू असल्या की काही त्रास नसे. ती त्या सभांना जाऊ लागली आणि कुणाला न सांगता तिनं गोळ्या बंद केल्या. एका सकाळी दूध उतरवताना तिला फिट आली आणि उकळतं दूध हातावर सांडलं. ताईनं हात धुतला, पट्टी केली, मग विचारलं, "गोळी का बंद केलीस?"

"आत्या, आता दिवस तरी किती राह्यलेत? शास्त्रात लिवलंय."

त्या दिवशी ताईनं मला फोन केला. ती चिडली होती, पण सुनेवर नव्हे. "जलम गेला चर्चमधी बसून, आन् लिवलंय का न्हाय ते मला सांगता येईना," ती म्हणाली. "आता मीच वाचणार हाय."

आणि तिनं वाचायला घेतलं. दुपारी जेवणं उरकली की पडवीत खुर्ची टाकून बसायची. आधी बायबलातलंच दानीएलाचं पुस्तक, कारण प्रकटीकरणातली निम्मी चित्रं तिथूनच येतात, हे तिला आमच्या चर्चच्या जुन्या पाळकांनी कधी तरी सांगितलेलं आठवत होतं. मग प्रभू येशूनं जैतुनाच्या डोंगरावर शिष्यांना शेवटच्या काळाबद्दल सांगितलेलं. मग प्रेषित पौलाची पत्रं. डोळे थकायचे म्हणून मोठ्यानं वाचायला तिनं सुनीतालाच बसवलं. रुग्णाचा केसपेपर वाचावा तसं तिचं चाले... हे कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, त्या माणसांना काय होत होतं. शेवटी प्रकटीकरणाला हात घातला, तेव्हा मला म्हणाली, "अगं, हे पत्र हाय. छळ सोसणाऱ्या माणसांना धीर द्यायला लिवलेलं. आन् आमाला ह्यानंच भ्या घातलं."

ताईची श्रद्धा डळमळली होती असं कुणी समजू नये. प्रभू येणार यावर तिचा पुरता विश्वास होता. "येणार हायच गं," ती सुनीतासमोरच मला म्हणाली, "पण कवा, ते कुणालाच ठावं न्हाय, असं त्यानं स्वतःच सांगितलंय. मग ह्या बाबाला कुणी सांगितलं? आन् तो येणार हाय म्हणून गोळी बंद, हे कुठं लिवलंय? दाव मला." सुनीता पानं उलटत राहिली. पण त्याच आठवड्यात तिनं गोळी पुन्हा सुरू केली, कुणी न सांगता.

तेवढ्यावर ताई थांबली असती तर कुणाला काही बोचलं नसतं. पण ती बारामतीच्या त्या हॉलमध्ये गेली. मी बरोबर होते. सभा संपल्यावर ती पुढं झाली आणि शांतपणे म्हणाली, "ब्रदर, एक इचारू? तुमी चष्मा कशापायी लावता?" मागं कुणी तरी हसलं. त्यानं चष्म्याला हात लावला आणि म्हणाला, "प्रभू तुम्हाला नम्रता देवो, सिस्टर."

उत्तर दिलं ते आमच्याच चर्चच्या मंडळीनं. मंडळीचा कारभार बघणारे दोन वडीलजन ताईच्या घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, प्रकटीकरण हे बायकांनी घरी बसून उलगडायचं पुस्तक नाही. ताई म्हणाली, "मग घाबरायचं तेवढं बायकांनी, व्हय?" त्यानंतर महिलांच्या प्रार्थनेत तिला बोलायला उभं करणं बंद झालं. जिच्या हातून ह्या मंडळीतली निम्मी पोरं जन्मली, तिला. सुनीताच्या भाजलेल्या हाताबद्दल मात्र त्या दोघांपैकी एकानंही शब्द काढला नाही.

मग ताईचं लिव्हर गेलं. बारामतीच्या दवाखान्यात सुनीता रोज तिच्या उशाशी बसून प्रकटीकरण वाचायची. त्यातले सात शिक्के झाले, सात कर्णे झाले, ते श्वापदही येऊन गेलं आणि ताई त्याला घाबरली नाही. सोळाव्या अध्यायात देवाच्या क्रोधाच्या वाट्या पृथ्वीवर ओतल्या जातात, तिथवर त्या पोचल्या होत्या. ताईची अवस्था मला दिसत होती. मी म्हटलं, "ताई, शेवटचं वाचू का? देव सगळ्यांचे डोळे पुसतो ते?"

"मधलं टाकून? न्हाय गं... क्रमानं येऊ दे."

ते आलं नाही.

दवाखान्यात न फिरकलेले वडीलजन दफनविधीला मात्र पांढऱ्या कपड्यांत पुढं उभे होते. आणि त्यांनी त्या ब्रदरलाही बोलायला बोलावलं होतं. उघड्या कबरीपाशी उभा राहून तो म्हणाला, "औषधांवर भिस्त ठेवणाऱ्यांना औषधांनी शेवटी काय दिलं?" कुणीही मान वर केली नाही. मी पुढं होणार तेवढ्यात सुनीता बोलली, आवाज न चढवता. "मला दिलं. मी हितं उभी हाय." मग तिनं वाकून मूठभर माती घेतली आणि कबरीत टाकली. त्याच्या प्रार्थनेची वाट न बघता बाकीचेही माती टाकू लागले.

परवा निमगावला गेले होते. जेवणं झाल्यावर सुनीतानं पडवीत दोन खुर्च्या टाकल्या. ताईच्या खुर्चीत ती स्वतः बसली नाही, मला बसवलं. खुर्चीच्या चामड्याच्या पट्टीला मध्ये खळगा पडलाय, ताईच्या बसण्याचा. सुनीतानं सोळावा अध्याय काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागली. लहानपणी मलाही ह्या ओळींचं भय वाटायचं. त्या दुपारी वाटलं नाही. देवाला इतका राग येतो, हे ऐकून पहिल्यांदाच बरं वाटलं.

अध्याय संपला. मी म्हटलं, "आता पुढचं घेऊ?"

"आज न्हाय," सुनीता म्हणाली. "आज हितंच थांबू." आणि पुस्तक उघडंच मांडीवर ठेवून ती बसून राहिली. मीही उठले नाही.