शेवंतीचा शेंडा

रोपवाटिकेतले म्हातारे माळीबुवा शेवंतीचं बी पेरायचे ते श्वास रोखून. बी इतकं हलकं, की एक शिंक आली तर शरदातली फुलं शेजाऱ्याच्या अंगणात! रोप वीतभर झालं, की ते नखाने त्याचा शेंडा खुडायचे. "शेंडा गेला की झाड फुटतं, डवरतं. नाहीतर नुसतं ताडमाड वाढतं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. लोक पाठीमागे त्यांना खुडेबुवाच म्हणत.

मुलीला परगावी नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा तिलाही त्यांनी हेच ऐकवलं. "कुठे जायचं नाही. इथेच राहा, इथेच चार फुटवे येतील." मुलगी मान खाली घालून राहिली. पुढे आई गेली, स्थळं आली तशी परत गेली, केस पिकले. फुटवे काही आले नाहीत. आता ती दिवसभर मागच्या खोलीत लोकांच्या शर्टांना काजं करते आणि विचारल्याशिवाय बोलत नाही.

काम सुटल्यावर बुवांनी यंदा घरच्याच खिडकीत बी पेरलं. रोपं वीतभर झाली, उजेडाकडे वाकली. सवयीने बुवांचं नख शेंड्याला लागलं खरं, पण त्या वाकलेल्या कोवळ्या माना बघून हात धजेना.

मुलगी दारात उभी होती. कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलली.

"खुडा ना, बाबा. झाड काही उलटून बोलत नाही. मी तरी कुठे बोलले होते?"