पेढे आणले तो दिवस

शिवकांत चार वर्षे माझ्या वरच्या खोलीत राहतो. पालमच्या सांबप्पा किराणावाल्यांचा थोरला. पिंगळी रस्त्यावरच्या एका जिनिंग मिलमध्ये तो लिनक्सवर चालणारा संगणक सांभाळतो. कापसाचा वजनकाटा त्यावरच. संगणक बंद पडला की गाड्यांची रांग फाटकाबाहेर जाते.

या हंगामात हा संगणक अकरा दिवसांत चारदा कोसळला, म्हणजे चालता चालता थिजला. मालक दिनकरराव म्हणाले, "सोमवारपर्यंत कारण दाखव, नाही तर दुसरा माणूस बघतो."

संगणक कोसळतो त्या क्षणी मेमरीत जे असते, ते फाइलीत उतरवून घेता येते, आणि त्यातून कारण कळते. त्यासाठी थोडी मेमरी आधीच राखून ठेवावी लागते. पहिल्या वेळेनंतर शिवकांतने ती सोय केली होती. तरी पुढच्या तिन्ही वेळी फाइल अर्धवटच मिळाली. तिन्ही दिवस तो डबा न उघडता माझ्या ओट्यावर बसला.

शनिवारी त्याला उमगले. जिनिंगमध्ये एका ठिणगीने कापसाची गंजी पेटते, म्हणून यंत्र अडले की आधी वीज तोडायची, हा तिथला नियम. पडदा थिजला की वॉचमन तात्याराव बॅटरीसकट सगळे बंद करत, आणि फाइल लिहिणे तिथेच थांबे.

"तात्या, पाच मिनिटं हात लावू नका."

"आन् आग लागली तर? तुजा कंप्युटर इझवायला येणार हाय का?"

रविवारी शिवकांत स्विचला पाठ लावून उभा राहिला, तात्याराव वाळूची बादली घेऊन शेजारी. दुपारी संगणक कोसळला. फाइल पूर्ण मिळाली.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला.

"काकू, मी पेढे आणले होते, तो दिवस कोणता? वहीत बघा."

मी रोज दोन ओळी लिहिते ती वही काढून वाचले: '४ नोव्हेंबर, मंगळवार. शिवकांतने मिलमध्ये नेटवर्कचे नवे कार्ड बसवले, त्याचा प्रोग्रामही स्वतःच टाकला. पाव किलो पेढे.' दुसऱ्या दिवशी: 'मिलचा संगणक बंद. शिवकांत जेवला नाही.'

"त्याच प्रोग्राममुळं कोसळत होता, फाइलीत नाव निघालं. काढून टाकला मी. काटा चालंल आता." मग हळू आवाजात, "फाइल पण पुसली तर माझीच चूक होती हे कोणाला कळायलंय?"

वही तशीच उघडी राहिली. त्याने ती तारीख पुन्हा एकदा वाचली.

सोमवारी त्याची लिंगपूजा नेहमीपेक्षा लांबली. साडेआठला ती फाइल घेतलेला पेनड्राइव्ह खिशात घालून तो जिना उतरला. एरवी खोलीची किल्लीही त्याच खिशात असते.

"खोलीची किल्ली कोनाड्यात ठेवलीय, काकू."