नवा एक्झॉस्ट आणि दारातला पाहुणा

परवा बारामतीला जाऊन एक हौस पुरी करून आलो... माझ्या गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर काढणारा नळ, बदलून घेतला.

गाडी म्हणजे सन तीसच्या सालची, दोन सीटची स्पोर्ट्‌स कार. कालव्यावरचे गोरे इंजिनिअरसाहेब विलायतेला परत निघाले तेव्हा त्यांच्याकडून घेतली. इंदापुरात मोटारी मोजून चार, त्यात असलं फॅड करणारा मी एकटाच.

ती घ्यायला मी तात्यांची, म्हणजे वडिलांची, खिल्लार बैलांची जोडी विकली. न विचारता. मोतीबिंदूने त्यांचे डोळे गेलेत, पण गोठा रिकामा झालेला त्यांना त्याच संध्याकाळी कळला. तेव्हापासून जो अबोला धरला तो धरलाच... पुढच्या महिन्यात वर्ष होईल.

मळ्यातल्या घरात आम्ही दोघंच. आई जाऊन सहा वर्षं झाली. सगुणाबाई स्वयंपाक करून जातात आणि मग घरात भांड्याचा आवाज झाला तरी बरं वाटतं, अशी अवस्था. खोटं कशाला सांगू, मी गाडीशी बोलतो.

तर अलीकडे ही गाडी चढावर धापा टाकायला लागली होती. बारामतीच्या स्टेशनजवळ बाबूमिस्त्रींचं दुकान आहे. जन्म रेल्वेच्या इंजिनात गेलेला माणूस. बॉनेट उघडून म्हणाले, "चारी सिलिंडरचा धूर एकाच बारक्या बिडाच्या नळातनं काढलाय. त्यात त्याला चीर गेलीय. हिचा जीव घुसमटायचा न्हाय तर काय व्हईल?"

जुने बोल्ट गंजून बसले होते. त्यांना रॉकेल पाजून ठेवलं तेव्हा कुठे दुपारी सुटले. मग मिस्त्रींनी एकेका नळीत कऱ्हा नदीची वाळू ठासून भरली, तोंडाला लाकडी बुचं मारली, भट्टीत लाल केली आणि हलक्या हाताने वाकवली. वाळूमुळे नळी चेपत नाही म्हणे. पण वाळू पुरती वाळलेली लागते. पहिल्या नळीत ओल राहिली होती, तर बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडून समोरच्या पत्र्यावर आदळलं. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "वाचलो."

चार सिलिंडरना चार वेगळ्या नळ्या, पुढे जाऊन एकत्र. बसवून झाल्यावर मिस्त्री म्हणाले, "दम वाढंल, पर आवाज पार बदलंल हां."

"बदलू दे," मी म्हणालो. "ऐकायला आहे कोण?"

परतताना गाडी अशी पळाली की काय सांगू! पूर्वीची फटफट गेली, खर्जातली घुमारदार गुरगुर आली. आनंदाने शेजारी बघितलं... सीटवर खताचं रिकामं पोतं. एवढा आनंद कुणाला सांगायचा, हा प्रश्न त्या क्षणी फार बोचला.

दिवेलागणीला मळ्यात शिरलो. तात्या ओट्यावर बसले होते, तोंड रस्त्याकडे. इंजिन बंद केलं तसे ते काठी टेकत उठले आणि गाडीपाशी आले.

"राम राम पाव्हणं! कुठनं येणं झालं?"

मी उतरलोच नाही. तात्या माझ्याशी बोलत होते... परका समजून का होईना. तोंड उघडलं तर आवाज ओळखतील आणि परत गप्प होतील, याची भीती वाटली. मी नुसता खाकरलो.

"बसा की. आमचा पोरगा, हणमा, अजून आला न्हाय. येईलच," असं म्हणून ते भिंत चाचपत आत गेले. दारात आलेला माणूस गूळ-पाण्याशिवाय जाता कामा नये, हा त्यांचा नेम. सगुणाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या.

तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन तात्या स्वतः आले. "वाटंत दोन शिटांची मोटार दिसली का हो? रोज वढ्याच्या उतारावर तिची फटफट आली का मी सगुणाबाईस्नी सांगतो, तवा टाका म्हणून. आज लई येळ झाला. रस्ता वंगाळ हाय."

वर्षभर मी गरम भाकरी खात होतो. मला वाटायचं, बाईंचा अंदाज चांगला आहे...

तात्या थांबले नाहीत. "बैलं इकली त्याचा राग आता न्हाय राह्यला. पर येऊन एक डाव तरी 'चुकलं' म्हणंल, असं वाटायचं. म्हातारपणी वाट तरी किती बघायची?"

"तात्या..." माझ्या तोंडून निघून गेलं. "मीच हाय."

तांब्यातलं पाणी माझ्या बाहीवर सांडलं. आता हे पाठ फिरवून आत जाणार, अशी माझी खात्रीच झाली. म्हणून घाईघाईने म्हणालो, "चुकलं माझं. इचारायला पायजे व्हतं."

त्यांनी चाचपत माझा हात धरला. मग गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. "मोटारीला काय केलंस रं? वळखू बी आली न्हाय," म्हणाले, आणि आत वळून ओरडले, "सगुणाबाई, तवा टाका!"

'तात्यांनी अबोला धरलाय' असं मी गावभर सांगत होतो. पहिला शब्द माझ्याकडून यायला हवा होता, हे मात्र एकदाही मनात आलं नाही. बाबूमिस्त्रींचे उपकार कसे फेडू?

जेवताना तात्यांनी एवढंच विचारलं, औंदा मोसंबीला बहार कसा हाय... मी फार वेळ सांगत बसलो.