गल्लीच्या तोंडाशी जय भीम

अन्याय झाला तो माझ्या आईवर. गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, नवीन जालन्यातल्या एका कॉलनीत, विकत घ्यायला बघायला गेलेल्या घरचा चहा पिता पिता.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सगळी नोकरी घनसावंगी तालुक्यात, शेवटची शाळा कुंभार पिंपळगावाजवळची. वडील मी लहान असतानाच गेले. आम्ही दोघी कायम भाड्याच्या खोलीत राहिलो. एका मालकानं सांगितलं होतं, मॅडम, ती बुद्धाची मूर्ती खिडकीत नका ठेवू, आमचे पाहुणे येतात. आईनं त्याच महिन्यात खोली बदलली. निवृत्ती जवळ आली तेव्हा ती म्हणाली, "आता दुसऱ्याच्या खिडक्या बस झाल्या. जालन्यात घर बघू."

त्या कॉलनीतलं घर खरंच छान होतं. स्वयंपाकघराला मोठी खिडकी, मागं लिंबाचं झाड, बाजार पायी जाण्याइतका जवळ. आईनं सगळे नळ उघडून पाहिले. मालकीणबाई तिला मसाल्याचे डबे कुठं मावतात ते दाखवत होत्या. दोघींचं चांगलंच जमलं होतं. एजंट मालकाच्या कानाशी लागून व्यवहाराचं बोलत होता. तेवढ्यात आईचा फोन वाजला.

आमच्या घरात फोनवर कोणी हॅलो म्हणत नाही. आई तर नाहीच नाही. शिक्षणाधिकाऱ्याचा फोन असो की गॅसवाल्याचा, ती एकच म्हणते आणि खणखणीत म्हणते: "जय भीम, बोला."

मालकानं बशी खाली ठेवली. मालकीणबाई आत गेल्या त्या परत आल्याच नाहीत. एजंटानं फाटकाशी येऊन आईला विचारलं, "मॅडम, पूर्ण नाव काय म्हणले तुम्ही?" ती म्हणालीच नव्हती. तेव्हा तिनं सांगितलं, आडनावासकट. संध्याकाळी त्याचा फोन आला की मालकाचा भाऊ नको म्हणून राह्यला, घर विकायचंच न्हाई. मी पुढचे कितीतरी दिवस त्या रस्त्यानं स्कूटी घालत होते. 'घर विकणे आहे' ही पाटी फाटकावर तशीच होती.

मी चळवळीत काम करते, पत्रकं लिहिते. त्याच रात्री मी पत्रक लिहायला बसले. कॉलनीचं नाव, दिवस, वेळ, सगळं. आईनं ते वाचलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि बाजूला ठेवलं.

"चांगलं लिहिलं. पण हे वाटायचं न्हाई."

"का? घाबरली का तू?"

"तू मोर्चा नेशील, घोषणा देशील, पोलीस येतील, तो मालक घाबरून घर देईल. मंग मी राहायचं तिथं? ज्या घरात शिरायला पोलीस लागले त्या घरात मला झोप लागल का?"

मी म्हणाले, ही शरणागती आहे. ती म्हणाली, "शरणागती कशाला म्हणतात ते तुला अजून माहीत न्हाई, बाई. ती मी केलीच न्हाई कधी, तर तुला दिसणार कुठून?"

दुसऱ्या दिवशी मामा आला. मामा व्यवहारी माणूस, नवीन जालन्यात बियाण्यांच्या दुकानात असतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. "अक्का, सौदा पक्का होईपर्यंत हॅलो म्हण. तोंड झिजतं का? एकदा चावी हातात आली की गच्चीवर उभी राहून जय भीम म्हण."

"आणि चावी हातात येईस्तोवर मी कोण राहू?"

"मंग आपल्या वस्तीत घे. विहार हाये, आपली बहीण हाये, मी हाये, कोणी विचारणार न्हाई."

"वस्ती माझीच हाये. मनाला वाटलं तर उद्या येईन. पण कोणी ढकललं म्हणून न्हाई येणार." मग चहाचा कप त्याच्यापुढं सरकवत, "आणि तिथं तू रोज जेवायला येशील, तो खर्चा वेगळा."

मामा हसला, पण त्याला राग आला होता. मला दोघांचाही आला होता.

तेव्हापासून आईनं आपली एक पद्धत काढली. एजंट बंद. रविवारी आम्ही रिक्षानं निघायचो, एखाद्या गल्लीच्या तोंडाशी उतरायचो. दारात बसलेला पहिला माणूस दिसला की आई मोठ्यानं म्हणायची, "जय भीम. नळाला पाणी कधी येतं इथं?" बस, एवढंच. जालन्यात घर घेणारा पाण्याचं विचारतोच, त्यात नवल नाही. पण आईला उत्तरातलं पाणी नको होतं, उत्तर कसं येतं ते पाहिजे होतं.

एका ठिकाणी बाई उठून आत गेली आणि कडी लावली. एका ठिकाणी म्हाताऱ्या बाई प्रेमानं म्हणाल्या, "नमस्कार म्हणा ना मॅडम, सगळ्यांना चालतं." आई म्हणाली, "मला न्हाई चालत," आणि त्याच प्रेमानं निरोप घेतला. एका गल्लीत एक तरुण लगबगीनं बाहेर आला, हात जोडले, "जय भीम, जय भीम. कोणत्या पक्षाकडून उभ्या राह्यल्या? आधी नालीचं बघा." त्याला समजावता समजावता अर्धा तास गेला. शेवटी तो म्हणाला, "उभ्या न्हाई तर मंग पाण्याचं कशाला विचारून राह्यल्या?" आई परत येताना रिक्षात हसून हसून बेजार झाली होती. मी मात्र मनात पत्रकाची वाक्यं जुळवत होते. मला वाटत होतं, माझी आई दारोदार जाऊन अपमान गोळा करतेय.

संक्रांत झाल्यावर त्या पहिल्या एजंटाचा फोन आला. ते लिंबाच्या झाडाचं घर. मालकाला आता घाई होती, गिऱ्हाईक मिळत नव्हतं. "मॅडम, ते तयार हायेत. फक्त एक छोटी रिक्वेस्ट. बाहेर नावाची पाटी नका लावू. कॉलनीत उगीच चर्चा नको. बाकी सगळं बराबर."

फोन स्पीकरवर होता. मामा समोरच बसला होता. त्यानं मान हलवून खूण केली, घे. खरं सांगते, मलाही क्षणभर ती खिडकी दिसली. ते घर आईला किती आवडलं होतं ते मी पाहिलं होतं.

आई म्हणाली, "पोस्टमन मला कसं शोधल?"

"आँ?"

"पाटी न्हाई म्हणल्यावर पोस्टमन कसा येईल? त्यांना म्हणा, बिनपाटीचं घर गोदाम असतं. गोदाम घ्यायचं न्हाई मला. ठेवते. जय भीम."

मामा उठून चहा करायला गेला. त्या दिवसानंतर तो हॅलोचं काही बोलला नाही.

मग एका रविवारी अंबड रस्त्याच्या बाजूला, गावाच्या अगदी कडेच्या गल्लीत उतरलो. दारात एक आजोबा दोरी वळत बसले होते. आईनं आपलं नेहमीचं म्हटलं. त्यांनी दोरी पायाच्या अंगठ्यात धरली आणि मान वर केली.

"जय भीम, बाई. जय मल्हार. पाणी आलं तर येतं, न्हाई तर टँकर. बसा. गाव कोणतं? आडनाव काय?"

मी परत फिरायच्या तयारीनं आईकडं पाहिलं. आईनं शांतपणे सांगितलं.

"आसं व्हय. माझ्या पोरानं इथं जागा घेतली तवा विकणाऱ्यानं आमचंबी आडनाव इचारलं. म्हणला, धनगर तुम्ही, मेंढरं कुठं बांधणार? मी म्हणलं, तुमच्या बेडरूममधी."

आई ओट्यावर बसली. पुढचं मी सांगायला नकोच. समोरच्या बाजूचं दोन खोल्यांचं घर विकायला होतं. स्वयंपाकघराची खिडकी बारीक आहे. झाड एकही नाही. मालक बदली होऊन चाललेला कारकून, रविवारच्या झोपेतून उठून दारात आला. आई त्याच्या उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "जय भीम. मी बौद्ध आहे. विकायचं असल तरच बसते." तो गोंधळला. "मॅडम, विकायचं म्हणून तर पाटी लावली. बसा ना." त्याला यात विशेष काय तेच कळत नव्हतं, आणि मला माझ्या सगळ्या रागाचं काय करावं ते कळत नव्हतं.

ही गल्ली काही स्वर्ग नाही. व्यवहार झाल्यावर कळलं की गल्लीतले दोन घरवाले त्या कारकुनाकडं गेले होते, कोणाला देऊन राह्यले म्हणून विचारायला. आजोबा म्हणाले, "ते माझ्या पोराच्या टायमालाबी आल्ते. चहा पिऊन गेले." कारकुनानं त्यांना सांगितलं होतं, एका मॅडमना देतोय, तुम्हाला अजून काय माहिती पाहिजे? ते आल्या पावली परत गेले. एवढंच लागलं. एका साध्या, सुट्टीच्या दिवशी झोपाळलेल्या माणसाचं एक वाक्य.

आज त्या दारावर माझ्या आईचं पूर्ण नाव आहे, आडनावासकट, रस्त्यावरून वाचता येईल एवढं. खिडकीत मूर्ती आहे. मी आजवर लिहिलेल्या सगळ्या पत्रकांपेक्षा मला ती पाटी मोठी वाटते. आणि हे मी लिहितेय ते आईच्या परवानगीनं, शुद्धलेखन तिनंच तपासलं आहे.

आता तुम्ही. तुमच्या शेजारचं घर विकायला निघेल तेव्हा मालक तुमच्याकडं येईल आणि आवाज खाली करून विचारेल, "अमके लोक आले तर चालतील ना?" तेव्हा 'आपलं काय जातं' म्हणून मान हलवू नका. 'माझी हरकत नाही' असंही म्हणू नका, हरकत घ्यायचा हक्क तुम्हाला कोणी दिलेलाच नाही. त्याला तोंडावर सांगा, हे मला विचारायचं नाही. आणि त्याच्या आवाजापेक्षा मोठ्यानं सांगा, गल्लीला ऐकू जाईल असं.