वडिलांचे शिक्षण

"वडिलांचे शिक्षण, तुळसिराम!"

कॉलेजच्या कारकुनानं माझा अर्ज उंच धरून मोठ्यानं वाचला. मग चष्म्यावरून रांगेकडे पाहिलं. "ही कुठल्या विद्यापीठाची पदवी म्हणायची?"

रांग हसली. वकिलांची, डॉक्टरांची, अडत्यांची पोरं ती, हसणारच. पण मीही हसलो. नाही हसलो तर तुळसिराम हा माझाच बाप आहे हे सगळ्यांना कळेल, असं वाटलं. तो तर माझ्या शेजारीच उभा होता. धुतलेलं धोतर नेसून.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी पिंपळगाव राजाहून खामगावला कॉलेजात नाव घालायला आलो होतो. आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिला. पहिला म्हणजे काय, तर विचारायला कोणी नाही. कोणत्या रकान्यात काय लिहायचं, सगळं अंदाजानं. फार थकवतं हे पहिलेपण. लोक कौतुक करतात, त्यांना काय जातंय.

बा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. आदल्या वर्षी गावातल्या प्रौढांच्या वर्गात बसून तो एकच गोष्ट शिकला होता, स्वतःचं नाव. अर्ज भरताना मी विचारलं, "बा, तुयं शिक्षण काय लिहू?"

"आन इकडे. जे शिकलो तेच लिवतो," तो म्हणाला. आणि त्या रकान्यात दाबून दाबून त्यानं आपलं नाव लिहिलं. खरं सांगतो, मला त्यात काही चूक दिसली नाही.

"खोड ते," कारकून म्हणाला. "निरंक लिही."

मी खोडलं. बाच्या देखत. दोन रेघा मारल्या आणि वर 'निरंक' लिहिलं. बाला निरंक वाचता येत नव्हतं, पण खोडलेलं कळत होतं. पुढं मी नोकरी केली, कितीतरी कागद खोडले, पण त्या दोन रेघांची लाज अजून गेलेली नाही.

मग कारकुनानं शाईचा पॅड पुढं सरकवला. "खाली पालकाचा अंगठा. चला बुवा, लवकर."

कागदावर 'पालकाची सही' असं छापलेलं होतं. बानं अंगठा पुढं केला. नाव लिहिता येणाऱ्या माणसानं. ते मात्र मला सोसलं नाही. मी त्याचं मनगट धरलं.

"अंगठा नाही. ते सही करतात."

"मग रांगेच्या शेवटी जा. आज शेवटचा दिवस आहे, पाचला खिडकी बंद होते. मला एवढा वेळ नाही."

बा घाबरला. "देऊन टाकतो ना बे अंगठा. तुयं वर्ष वाया जाईन. काऊन अडून राह्यला?"

मी अर्ज उचलला आणि शेवटी जाऊन उभा राहिलो. बा मागोमाग आला. सकाळपासून दोघांच्या पोटात काही नव्हतं, पाय भरून आले होते. पुढची रांग बरीच लांब होती. मी कागद भिंतीला लावून धरला आणि पेन त्याच्या हातात दिला.

"खिडकी बंद झाली तं होऊ दे, बा. पुढच्या साली येऊ. पन नावच लिव. हे नाव आता कोनालेच खोडू देत नाई. मले बी नाई."