नको, माझं पोट भरलंय

एस्तान्सिया बंदराच्या धक्क्यावर सुकी मासळी निवडणाऱ्या बायकांत लुडिविनाची जीभ सगळ्यांत तिखट. मापात मारणाऱ्या व्यापाऱ्याला ती चारचौघांत सोलून काढी. मुलाचा विषय निघाला की मात्र गप्प. जोवित स्वमग्न होता. बारा वर्षांचा झाला तरी त्याचं बोलणं मोजक्या शब्दांपलीकडे गेलं नव्हतं. नवरा बोटीवर गेला तो गेलाच.

आमच्या गल्लीत जेवताना दारावरून कुणी गेलं तर "ये, जेवायला बस" म्हणायचंच. न म्हणणारा माजोरडा. आणि ऐकणाऱ्यानं "नको, पोट भरलंय" म्हणत पुढे जायचं. खरंच बसणारा हावरट. हे कुणाला शिकवावं लागत नाही. जोवितला ते कधी उमगलंच नाही. हाक आली की तो आत जाई, बसे, आणि समोरचा भात-मासा फस्त करून उठे.

आधी लोक हसले. मग शेजारची पासिंग, जिला सगळी गल्ली मनांग म्हणजे थोरली ताई म्हणते, एकदा म्हणाली, "लुडी, तुझ्याकडे चूल पेटते ना गं? की पोर आमच्याच जिवावर पोसायचं ठरवलंयस?"

लुडीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्यामागे या पोराला कोण दारात उभं करणार, ही एकच काळजी तिला आतून पोखरत होती. असाच वागत राहिला तर कुणीही नाही, असं तिनं मनाशी धरलं.

चर्चमागच्या हॉलात अशा मुलांना चारचौघांत वागायला शिकवणारा शनिवारचा वर्ग निघाला, तेव्हा ती पहिल्याच दिवशी जाऊन बसली. फी म्हणजे जमेल ते. ती सुकी मासळी नेऊन देई. शिकवायला तेरेसिता बाई होत्या, तरुण आणि जीव लावणाऱ्या.

"बाई, लिहिणं-वाचणं राहू द्या," लुडी म्हणाली. "लोकांच्या ताटावर बसायचं नाही, एवढं शिकवा."

बाई खोटं-खोटं जेवायला बसत आणि जोवितला हाक मारत. त्यानं छातीवर हात ठेवून म्हणायचं, "नको, माझं पोट भरलंय." अख्खा उन्हाळा हेच चाललं. शेवटी एक दिवस त्यानं ते पासिंगच्या दारात म्हटलं, आणि गल्लीत कौतुकाला भरती आली. पोरगं माणसांत आलं म्हणून लुडी घरी येऊन रडली.

त्याच संध्याकाळी तिनं त्याला जेवायला बोलावलं. त्यानं छातीवर हात ठेवला. "नको, माझं पोट भरलंय." ती हसली. दुसऱ्या दिवशीही तेच, तेव्हा हसू आलं नाही. नजर भातावर खिळलेली, हात छातीवर.

"पुढचा धडा हाच," बाई म्हणाल्या. "आपलं घर कुठलं, परकं कुठलं. जरा वेळ लागेल."

पुढचा धडा झालाच नाही. पैसा देणाऱ्या संस्थेची मुदत संपली. पाहुणे आले, फोटो निघाले, टाळ्या वाजल्या आणि वर्ग बंद. बाईंना कॅनडात नोकरी लागली. पोटासाठी गेल्या, त्यांना काय बोलणार? पण अर्ध्यावर सोडलेल्या त्या शिकवणीचा मला आजही संताप येतो, आणि तो काढायला समोर कुणी नाही. इलोइलो शहरातल्या वर्गाची फी ऐकून लुडी आली तशी परतली.

तिनंच मग एक वाट काढली. ताट ठेवायचं, अवाक्षर काढायचं नाही आणि परसात निघून जायचं. कुणी नसलं की तो जेवी. ती परसात उभ्यानं खाई. लाजेपायी हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

एका दुपारी तापानं फणफणून ती धक्क्यावर कोसळली. तिला परस्पर इस्पितळात नेलं. शुद्धीवर आली तेव्हा दोन दिवस उलटले होते. ती तशीच घरी धावली.

पासिंग दारातच हसत उभी होती. "लुडी, काय गुणी झालाय गं! प्रत्येक जेवणाला हाक मारली. दर वेळी छातीवर हात. एक घास मागितला नाही पोरानं."

जोवित कोपऱ्यात बसला होता. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. लुडीनं ताट वाढलं आणि पासिंगचा दंड धरून तिला बाहेर नेलं. बांबूच्या भिंतीच्या फटीतून दोघी बघत राहिल्या. तो दोन्ही हातांनी भात कोंबत होता.

पासिंगनं तोंडावर हात दाबून धरला.

"मनांग, माझं काही बरंवाईट झालं तर असंच करा," लुडी म्हणाली. "ताट ठेवायचं. हाक मारायची नाही. तोंड फिरवून निघून जायचं."

"न बोलावता? कुत्र्यापुढे टाकतात तसं?" पासिंगचे डोळे भरून आले. "नाही गं, लेकराशी असं वागायला माझा जीव धजायचा नाही. मी बोलावीन ना त्याला. मायेनं बोलावीन, हजारदा बोलावीन."