नखाएवढा काळा ठिपका

हॉर्न वाजेनासा झाला म्हणून मेकॅनिकने स्टिअरिंग उघडलं, आणि आतून फडकं निघालं.

मळकं, चौकोनी घडी घातलेलं, मागे स्पंजचा तुकडा चिकटवलेला. त्याने ते दोन बोटांत धरून वर काढलं. शेजारी उभ्या असलेल्या कवळीवाल्यांना वाटलं, आधीच्या कुणा कारागिराने हात पुसून आतच विसरलेलं असेल.

"काका, एअरबॅग कुठंय?"

"असेल की त्याच्याखाली."

"खाली काही नाही. हे फडकंच बसवलंय एअरबॅगच्या जागी."

मग त्याने शेजारच्या सीटपुढचं झाकण काढलं. तिथे फडकं घालायचेही कष्ट कुणी घेतले नव्हते. नुसतं काळं भोक होतं. कवळीवाले जवळच्या टायरवर बसले.

हे गृहस्थ पस्तीस वर्षं दातांच्या कवळ्या बनवत होते. घराच्या मागच्या खोलीत प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि हवेत कायम गुलाबी अॅक्रिलिकचा वास. त्यांनी केलेली कवळी हसताना, खाताना, भांडतानाही ओळखू येत नसे. एका समोरच्या दाताला तर त्यांनी गिऱ्हाइकाच्या जुन्या फोटोवरून मुद्दाम बारीकशी चीर ठेवली होती. असा माणूस सेकंडहँड गाडी घेताना फसेल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

गाडी घेतली तीही चैनीसाठी नाही. त्यांचा थोरला भाऊ एका छोट्या गाडीच्या अपघातात गेला होता. धडक फार मोठी नव्हती, पण स्टिअरिंग छातीत बसलं. तेव्हापासून कवळीवाल्यांनी एकच ध्यास घेतला: आपली माणसं बसतील ती गाडी जड हवी, मजबूत हवी, आणि तिच्यात एअरबॅग हव्यात. नवी परवडणारी नव्हती. म्हणून सहा वर्षं वापरलेली ती लांबलचक, निळसर काळी, आलिशान गाडी त्यांनी एका एजंटकडून घेतली.

मग अकरा वर्षं त्या गाडीने त्यांना नाचवलं. एक साधा रबरी पाइप यायला तीन आठवडे लागत. छतातली काच एका पावसाळ्यात अशी गळली, की बायको आत छत्री उघडून बसली होती. मागच्या दाराची काच मनात येईल तेव्हा खाली जाई. आणि ड्रायव्हरच्या सीटला तर मागच्या जन्मीचं आठवत होतं. दोन नंबरचं बटण दाबलं, की सीट घरघरत थेट मागे जाई, आधीच्या मालकाच्या मापावर. तो बराच उंच असणार. घरात त्याचं नाव पडलं उंचेराव. गाडी रुसली की लेक म्हणायची, "बाबा, उंचेरावांना तुमचं चालवणं आवडत नाही."

टायरवर बसल्याबसल्या कवळीवाल्यांना तो उंचेराव आठवला. एअरबॅग जागेवर नाही म्हणजे ती आधीच फुटली होती, आणि फुटली म्हणजे गाडी कशावर तरी आदळली होती. त्या सीटवरच्या माणसाचं पुढे काय झालं, हे अकरा वर्षांत एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं.

मेकॅनिक अजून मीटरकडेच बघत होता. "पण काका, एअरबॅग नसेल तर लाल दिवा पेटतो. कायम पेटलेला राहतो. इतकी वर्षं मी ही गाडी बघतोय, मला तो कधीच कसा दिसला नाही?"

कवळीवाले मीटरकडे वळले. त्यांना आठवलं.

गाडी घरी आली त्या पहिल्याच महिन्यात तो दिवा पेटलेला होता. छातीशी फुगा घेतलेला लाल माणूस. एजंटला विचारलं तर तो म्हणाला, "सेन्सर जुना झालाय, या गाड्यांना असतंच." बायकोला तो दिवा डोळ्यांत खुपायचा. मग एका रविवारी कवळीवाल्यांनी मीटरच्या काचेचा रंग नीट पाहून घेतला, अॅक्रिलिक कालवलं, नखाएवढा काळा ठिपका बनवला, घासून गुळगुळीत केला आणि दिव्यावर बसवला. इतका बेमालूम, की मेकॅनिकलाही तो कंपनीचाच वाटला. चार महिन्यांत ते स्वतःही विसरले.

ते उठले, चावी फिरवली, नखाने ठिपका खरवडून काढला आणि खिशात टाकला. खाली लाल माणूस जळत होता. अकरा वर्षं तो तसाच जळत होता, आणि त्याचं तोंड त्यांनी स्वतःच्या हाताने दाबलं होतं. एजंटने फसवलं ते फसवलंच, पण आपल्याच माणसांना त्यांनी स्वतः फसवलं होतं.

मेकॅनिकने विचारलं, "झाकणं लावून ठेवू?"

लावली असती तर कुणाला कळलंही नसतं. आणि उद्या सकाळी अकराला लेक तीन दिवसांचं बाळ घेऊन दवाखान्यातून घरी यायची होती. जावयाची छोटी गाडी होती. ती आणतो म्हणाल्यावर कवळीवाल्यांनी त्याला चारचौघांत सुनावलं होतं, "तुमच्या त्या काडेपेटीत माझं नातवंड बसणार नाही."

"लावू नकोस," कवळीवाले म्हणाले, आणि गाडी तिथेच सोडून चालत घरी आले.

बायको बाळाची दुपटी घड्या करून पिशवीत भरत होती. त्यांनी तिला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, ठिपक्यासकट. तिच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं.

"पुढे नव्हतीच एअरबॅग?"

"नव्हती."

"अहो, मला पुढे ऊन लागायचं. मी दर वेळी म्हणायची, मागे बसते. तुम्ही मला पुढे बसवायचात. पुढे सुरक्षित आहे म्हणून."

ती पुढे एवढंच म्हणाली, "जावयांना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दाराशी जावयाची गाडी उभी होती; ती घेऊन या, एवढंच कवळीवाल्यांनी रात्री फोनवर सांगितलं होतं. कवळीवाल्यांनी तो ठिपका खिशातून काढून जावयाच्या तळहातावर ठेवला आणि अडखळत सगळं सांगून टाकलं. जावयाने तो ठिपका बोटाने उलटा करून पाहिला. मागच्या सीटवर बाळाला घेऊन बसलेल्या लेकीने मान पुढे काढली.

"एवढासा?" ती म्हणाली.

"जावईबापू, माझं चुकलं," कवळीवाले म्हणाले. "तुमची चावी फिरवता का जरा?"

जावयाने चावी फिरवली. कवळीवाले खिडकीतून आत वाकले. मीटरवर लाल माणूस पेटला. तो क्षणभर थांबला आणि विझला. चांगल्या गाडीत तो असा विझतो, हे ते आज पहिल्यांदाच बघत होते.

"बसा बाबा, निघू या," जावई म्हणाला.

कवळीवाले खिडकीतून हलले नाहीत. "परत एकदा फिरवा," ते म्हणाले.